सोडून देणाऱ्यांची दया

हिंसक कोण? मारून खाणारा, की दुखवून सोडून देणारा?

हा प्रश्न आम्ही इथं मांडतोय आणि उदाहरण घेतोय ते इंग्लंडातल्या तळ्यावरच्या मासे पकडण्याच्या स्पर्धेचं. कुणी म्हणेल, आपल्याकडं पाणवठ्यांचे प्रश्न काय संपले, म्हणून हे साहेबाच्या माशांकडं चालले? तर दोस्तांनो, कारण आहे. माणूस काय खातो यावरनं त्याची पायरी ठरवायची आणि स्वतः दयाळू म्हणून मिरवायचं, हा धंदा फक्त आपल्या देशात चालतो असं समजू नका. तो दुसऱ्या मुलखात, दुसऱ्या कपड्यात दिसला की त्याची हाडं नीट मोजता येतात. डोळ्याला चिकटलेली वस्तू डोळ्याला दिसत नाही. जरा लांब धरावी लागते.

आधी त्या स्पर्धेचा दिवस बघू.

मासा आहे कार्प. आपले रोहू, कटला, मृगळ हे त्याचेच भाऊबंद. आणि तो खुद्द कार्प तर आपल्या धरणातसुद्धा आहे, मासळीबाजारात त्याला सायप्रिनस म्हणतात. इंग्लंडात हा मासा मूळचा नव्हे. काही शतकांपूर्वी तो युरोपातनं तिकडं गेला, मोठ्या लोकांच्या तळ्यांत वाढला, आणि वाढवला होता तो ताटासाठी. पोलंडात, चेक मुलखात आजही नाताळच्या आदल्या रात्री कार्प शिजतो. इंग्लंडात आता तो फारसा कुणी खात नाही. तिथं त्याची स्पर्धा होते.

सकाळी माणसं तळ्यावर जमतात. पैसे भरतात. एका पिशवीत हात घालून आपापला नंबर काढतात. काठावर ओळीनं बसायच्या जागा केलेल्या असतात, प्रत्येक जागेला नंबर. त्या जागेला पेग म्हणतात, म्हणजे खुंटी. जी खुंटी निघाली तिथं दिवसभर बसायचं. बेटासमोरची, झाडोऱ्याच्या कडेची, वारा ज्या काठाला लागतो तिकडची खुंटी नशिबाची, कारण मासा तिथं येतो. वाईट खुंटी आली तर माणूस कपाळाला हात लावतो, पण भांडत नाही. कारण पुढच्या रविवारी पिशवी पुन्हा हलणार आहे. जन्माची चिठ्ठी एकदाच काढली आणि ती नातवा-पणतवाच्या कपाळावर चिकटवली, असं तिथं कुणी चालवून घेणार नाही. हे ध्यानात ठेवा. खेळात तरी माणसाला न्याय कशाला म्हणतात ते बरोबर कळतं.

मग शिट्टी होते. कार्बनच्या नळ्या एकात एक जोडून केलेला दांडा पाण्यावर सरकतो, तेरा-चौदा, कधी सोळा मीटरपर्यंत लांब. त्याच्या टोकाच्या पोटात रबराची दोरी असते. मासा पळाला की ती ताणते आणि माशाला दमवते. आमिष म्हणून पेंडीच्या बारीक गोळ्या, अळ्या, मक्याचे दाणे, डब्यातलं मांस. मासा लागला, दमला, की दांड्याच्या जाळ्यात उचलायचा, तोंडातला गळ काढायचा आणि पाण्यात सोडलेल्या लांबलचक जाळीच्या पिशवीत टाकायचा. तिथं तो संध्याकाळपर्यंत राहतो. पाच-सहा तासांनी पुन्हा शिट्टी. काटा घेऊन माणसं खुंटी-खुंटीवर येतात. ज्याच्या पिशवीचं वजन जास्त तो जिंकला. शंभर पौंड ही आकडेवारी कुणाला नवी वाटत नाही. दोनशेच्या वरही वजनं जातात, म्हणजे एका माणसानं एका दिवसात नव्वद किलो मासा. बक्षिसाचे पैसे वाटले जातात. आणि मासा? सगळाच्या सगळा परत पाण्यात. पुढच्या रविवारी तोच मासा, तीच खुंटी, फक्त माणूस दुसरा.

आता हे बसणारे कोण? कुणी लॉर्ड नव्हेत. तिकडं माशांतसुद्धा वर्ण पडलेत. सामन आणि ट्राउट यांना गेम म्हणतात, म्हणजे शिकारीच्या मानाचे मासे. त्यांच्या नद्या मोठ्या लोकांच्या. कार्प, रोच, ब्रीम हे कोर्स, म्हणजे भरड. भरड मासा भरड माणसाचा. शेफिल्डचे पोलाद कामगार, लीड्स-नॉटिंगहॅमचे गिरणी आणि खाणकामगार यांनी सुट्टीच्या दिवशी कालव्याकाठी बसून ही स्पर्धा वाढवली. १९९४ पासून फिश-ओ-मेनिया नावाचा तिचा मोठा सामना टीव्हीवर दाखवतात. काही वर्षं तो डोंकास्टरजवळच्या हेफिल्ड तळ्यावर झाला. डोंकास्टर म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९८४-८५ चा संप मोडला आणि पुढं एकेक करत तिथल्या खाणी बंद झाल्या. अशा मुलखातल्या माणसाला आठवड्यातला एक दिवस कुणाचा हुकूम नसलेला मिळतो. तो पाण्याकडं बघत बसतो. त्याला दुष्ट म्हणायची आमची छाती नाही, आणि गरजही नाही. आठवडाभर ज्याच्या पाठीवर कुणी बसलेलं असतं, त्यालाही एक दिवस कशावर तरी आपला हात चालावासा वाटतो. हे समजतं. पण समजलं म्हणून बरोबर ठरत नाही.

कारण हा माणूस स्वतःला माशाचा मित्र म्हणवतो, आणि त्याच्याकडं पुरावाही आहे. त्याच्या गळाला उलटा दात नसतो, म्हणजे तोंड कमी फाटावं. मोठ्या कार्पसाठी तो ओली गादी अंथरतो, जखमेला औषध लावतो, वजन करायला मऊ झोळी आणतो. मोठ्या माशांना नावं देतो. रिचर्ड वॉकर यांनी १९५२ साली रेडमायर तळ्यात चव्वेचाळीस पौंडांचा कार्प पकडला. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला आणि तिथं वर्षानुवर्षं जगला. त्याला क्लॅरिसा असं बाईचं नाव मिळालं. केंट परगण्यातला टू-टोन हा तीस किलोच्या वरचा कार्प २०१० साली मेला तेव्हा पकडणाऱ्यांनीच त्याला तळ्याकाठी पुरलं. पीटरबरोजवळची बेन्सन नावाची मादी २००९ साली मेली. तिच्या मरणाच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. आयुष्यात तिला साठाहून जास्त वेळा पकडलं गेलं होतं, असं त्या बातम्यांत अभिमानानं छापलं होतं.

साठ वेळा गळ. साठ वेळा औषध. आणि शेवटी फुलं.

मासा दुखतो का, हे आता नुसतं विचारायचं राहिलेलं नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सोबतच्यांनी २००३ साली दाखवून दिलं, की ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या नसांची टोकं आहेत. ओठात आम्लाचं इंजेक्शन दिलेला ट्राउट खाणं सोडतो आणि तळाच्या खडीवर ओठ घासतो. माशाचा मेंदू आपल्यासारखा नाही, तेव्हा त्याला दुःख म्हणू नका, असं म्हणणारे विद्वान आहेत, जेम्स रोझ त्यांतले एक. वाद चालू आहे. पण त्याच्याही आधी, १९७० साली, हॉलंडच्या बेकेमा नावाच्या संशोधकानं कार्पवरच प्रयोग छापला होता. एकदा गळ लागून सुटलेला कार्प पुढं बराच काळ सहजासहजी गळाला येत नाही. एकाच घटनेत तो शिकतो. म्हणजे विद्वानांना दुःख सापडो ना सापडो, माशाला गळ आठवतो. ज्याच्या अंगावर बेतलं त्याची आठवण आणि ज्यानं केलं त्याची व्याख्या यांत फरक पडला, तर कुणाचं ऐकायचं? आम्हाला हा प्रश्न फार जुना आहे.

आता खरी गाठ बघा.

२००४ साली पोलंड, लिथुआनिया वगैरे देश युरोपीय संघात आले आणि तिकडचे कामकरी लोक इंग्लंडात कामाला गेले. शेतावर, कोंबड्यांच्या कारखान्यांत, गोदामांत राबू लागले. सुट्टीला तेही गळ घेऊन तळ्यावर गेले. मासा लागला. त्यांनी तो घरी नेला आणि शिजवला. त्यांच्या आयांनी, आज्यांनी हेच केलेलं. आणि बोंब झाली. आमचे मासे खातात! तळ्याकाठी त्यांच्या भाषांत पाट्या लागल्या, की मासा नेऊ नका. सगळेच काही पावती फाडून बसले नव्हते, कुणी रात्री जाळीही टाकली असेल. नियम मोडला तर दंड होणारच. पण ओरड फक्त नियमाची नव्हती. त्यात किळस होती. हे काहीही खातात. हे जंगली. साठ वेळा तोंडात गळ अडकवणारा सभ्य, आणि एकदाच पकडून पोरांना वाढणारा रानटी.

किळस आली की समजावं, प्रश्न आता माशाचा राहिला नाही.

तिथला कायदाही बघा. १९६८ च्या चोरीच्या कायद्याच्या पुरवणीत खाजगी पाण्यातला मासा परवानगीवाचून पकडणं हा गुन्हा आहे, आणि दिवसाउजेडी गळ टाकणाऱ्याला शिक्षा कमी ठेवलीय. त्याच्या मागं जा. १७२३ साली ब्लॅक ॲक्ट झाला. तोंडाला काजळी फासून, हत्यार घेऊन कुणाच्या तळ्यातला मासा चोरला तर फाशी. तळ्याचा बांध फोडून मासे घालवले तरी फाशी. इतिहासकार ई. पी. टॉमसन यांनी १९७५ साली या कायद्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि हा कायदा कुणाच्या मालकीसाठी आला ते उघडं केलं. तेव्हा माशाचा जीव महाग नव्हता. माशाची मालकी महाग होती. मालकाच्या ताटात गेला तर तो भोजन, कुळाच्या हंडीत गेला तर ती चोरी. आजची दयासुद्धा त्याच बांधावर उगवलीय. तळं कुणाच्या तरी नावावर आहे. मोठा मासा असला तर गिऱ्हाईक येतं. मासा मेला तर नुकसान. म्हणून गादी, म्हणून औषध. त्यातली माया सगळीच खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. पण जिच्यावाचून धंदा बुडतो तिला करुणा म्हणायच्या आधी दोनदा विचार करावा.

आणि गंमत अशी, की तिथनं समुद्र ओलांडून जर्मनीत जा, सगळं उलटं. तिथला प्राणिरक्षणाचा कायदा १९७२ चा. सबळ कारणाशिवाय जनावराला वेदना देऊ नये, असं तो सांगतो. खाणं हे कारण चालतं. नुसतं वजन करून सोडण्यासाठी पकडणं हे कारण चालायला जड जातं. स्वित्झर्लंडनं तर २००८ च्या नियमात स्पष्टच लिहिलं, की सोडून द्यायच्या इराद्यानं मासे पकडायचे नाहीत. म्हणजे एका काठावर खाणारा चोर, दुसऱ्या काठावर न खाणारा गुन्हेगार. मासा तोच. गळ तोच. तेव्हा जो कुणी छाती ठोकून म्हणतो की आमचं न खाणं हीच सनातन नीती, त्याला हे दोन काठ दाखवा.

आमच्या दारात ही नीती काठी घेऊन येते. २०१५ साली महाराष्ट्रात बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस गुन्हा झालं. २०१६ साली गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून मारलं आणि त्याचं चित्रण करून जगाला दाखवलं. मारणारे स्वतःला प्राण्यांचे रक्षक म्हणवत होते. दया अशीही असते. तिच्या हातात लोखंडी पाइप असतो.

याच जागी बाबासाहेब कामाला येतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली आला. त्यात त्यांनी अहिंसेचा गुंता सोडवलाय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बुद्धाची अहिंसा हा नियम नव्हे, ते तत्त्व आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व माणसाला विचार करायला मोकळं ठेवतं. आणि तत्त्वाच्या उजेडात दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. एक मारण्याची गरज, दुसरी मारण्याची इच्छा. जिथं गरज आहे तिथला प्रश्न वेगळा. जिथं नुसती इच्छा आहे, तिथं अधर्म आहे. एवढ्या एका फरकानं यज्ञात पशू कापणारा आणि भुकेला मासा भाजणारा यांना एका पंगतीत बसवणारी लबाडी संपते.

पण स्पर्धेतला माणूस म्हणेल, माझी तर मारायची गरजही नाही आणि इच्छाही नाही. मी मारतच नाही. मग मी कुठं बसतो?

इथं आपल्याला बाबासाहेबांच्या वाटेनं एक पाऊल पुढं टाकावं लागतं. गरज नसताना दुसऱ्याच्या जिवावर हात चालवण्याची इच्छा हे मूळ. मरण हे त्या इच्छेचं एक फळ, एकुलतं एक नव्हे. दुसरं फळ म्हणजे धरून ठेवणं. मोजणं. दमवणं. दाखवणं. आणि मग सोडून देऊन आभाराची वाट बघणं. ज्याला मारून टाकलं त्याच्यावरची सत्ता तिथंच संपते. ज्याला सोडलं त्याच्यावर ती पुढच्या रविवारीही चालते. म्हणून शहाणी सत्ता मारत नाही. जात तरी रोज कुठं मारते? जात राखून ठेवते. गावाला लागतील तेवढे हात, गावाबाहेर, जिवंत.

थांबा. इथं कुणी लगेच कविता करील, की आम्ही ते मासे. नाही. आम्ही मासे नव्हे आणि मासा आमचं प्रतीक नव्हे. त्याला त्याचं दुखणं असू द्या. तुलना माशाची नाही, हाताची आहे. गळ धरणारा हात एकच गोष्ट वेगवेगळ्या ठिकाणी शिकतो, की मी दुखवलं तरी मी चांगला, कारण मी सोडलं. हा धडा पाण्याकाठी शिकलेला माणूस तो पाण्याकाठीच ठेवून घरी येईल, अशी खात्री कोण देणार?

आणि फरकही स्पष्ट असू द्या. माशाला बोलता येत नाही. त्याच्या वाट्याला फक्त दुसऱ्याची दया. माणसाच्या वाट्याला तेवढंच आलं तर तो अपमान आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत. कायदे कौन्सिलनं १९२३ साली ठराव केला, नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केलं, म्हणजे कागदावर आम्हाला सोडलं होतं. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसोबत माणसं स्वतःच्या पायांनी चालत गेली आणि ओंजळीनं पाणी प्याली, तेव्हा कुठं काही घडलं. आणि घडलं म्हणूनच मागनं डोकी फुटली, शेणा-गोमुत्राच्या घागरी ओतून तळं शुद्ध केलं गेलं. सोडून दिलेल्याचा राग कुणाला येत नाही. स्वतः आलेल्याचा येतो. सोडणं आणि मोकळं होणं यांतलं अंतर हे एवढं आहे.

दोन आक्षेप उरतात. एक, सोडलेला मासा जगतो, खाल्लेला मरतो. मग जगणं बरं नव्हे का? जगणं बरंच. पण माशाला जगू द्यायचं असेल तर सोपा उपाय आहे, गळ टाकू नये. आधी गळ टाकायचा आणि मग जीवदानाचं पुण्य मागायचं, हा हिशेब सावकाराचा. यावर ते म्हणतात, आम्ही नसतो तर हे तळंच नसतं, हे मासेच नसते. गावातल्या पाटलानंही हेच म्हटलेलं, मी होतो म्हणून तुम्ही जगला. कुणाला पोसलं म्हणून त्याला दुखवायचा परवाना मिळत नाही.

दुसरा आक्षेप आपल्यावरचा आहे आणि तो टाळायचा नाही. भूक म्हटली की सगळं माफ का? नाही. गरज हे कारण आहे, पांघरूण नव्हे. टोपलीत तासन् तास तडफडणारी मासोळी आपल्या बाजारातही आहे. एका घावात काम होत असताना जीव लांबवला, तर तिथं गरज संपली आणि बेफिकिरी सुरू झाली. गरजेनं मारणाऱ्यानं लवकर मारावं, वाया घालवू नये, आणि मारलं ते मारलं म्हणावं. त्याला पूजा म्हणू नये, खेळ म्हणू नये, दया म्हणू नये. आपल्या बाजूला एवढी तरी सचोटी पाहिजे, नाहीतर दुसऱ्याचा गळ दाखवायचा हक्क आपल्याला नाही.

तेव्हा हिंसा तोलायचा काटा आमच्यापुरता असा. ताटात काय आहे ते विचारू नका. विचारा, गरज होती का? विचारा, पाणी कुणाच्या नावावर आहे? विचारा, सोडलेला जीव सुटून जातो कुठं, मोकळ्या पाण्यात की पुन्हा त्याच तळ्यात? या तीन प्रश्नांवर जो उतरेल त्याला दयाळू म्हणा, मग तो शाकाहारी असो की मासेखाऊ. जो उतरणार नाही त्याची ओली गादी, त्याचं औषध, त्याची फुलं बाजूला ठेवा आणि त्याच्या हाताकडं बघा. गळ अजून हातात आहे का, एवढंच बघा.